शिल्लक राहिलेल्या नोंदी

नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शहराच्या जकातीची हद्द जेथे पूर्वी संपत असे त्या अंगाला, वाडी हे आमचे गाव वसलेले आहे. आणि ज्या काळी या गावाला नगरपरिषद नव्हती त्या काळी, रस्त्याच्या कडेच्या एका गोदामात, मालमोटारींतून उतरणारा माल बिल्टीबरहुकूम आहे की नाही हे पाहण्याची, म्हणजे जुन्या कारकुनी भाषेत सांगायचे तर रुजवात घालण्याची, चाकरी मी पुष्कळ वर्षे केली. बिल्टीवर एकेचाळीस नग लिहिलेले असावेत, हमालांनी उतरविलेले नग मोजता चाळीसच भरावेत, आणि मग त्या एका नगापायी मोटारीचा चालक, वाटेतला मुक्काम, दोरखंडाच्या गाठी आणि ताडपत्रीची घडी या साऱ्यांची उलटतपासणी सुरू व्हावी, असा प्रसंग महिन्यातून एखादे वेळी येईच. अशाच एका प्रसंगी, त्या संध्याकाळी लवकर घरी गेलेल्या एका हमालावर आम्हां सर्वांचा संशय गेला. त्याला पैशांची निकड होती, नग लहान असावा असा आमचा तर्क होता, आणि मागच्या दाराची कडी निघालेली होती. सगळे एकमेकांत नेमके बसत होते. दुसऱ्या दिवशी गठ्ठे सोडविताना एका गोणपाटात दोन नग एकत्र शिवलेले निघाले. मालाचे एकूण वजन बिल्टीवर लिहिलेले होते, काट्यावर भरलेले वजन त्याच्याशी आदल्या दिवशीच जुळले होते, आणि ते जुळल्याची नोंद मी माझ्या हाताने केली होती. जो माल वजनाला पुरा भरला आहे त्यातून काहीही चोरीला गेलेले असू शकत नाही, एवढा साधा अर्थ त्या नोंदीतून काढण्याचे भान, नगांच्या संख्येत गुंतलेल्या आम्हां चौघांपैकी एकालाही राहिले नव्हते. त्या हमालाची मी माफी मागितली. त्याने ती दिलीही. पण ती नोंद मला आजतागायत विसरता आलेली नाही.

प्रस्तुत पुस्तक ज्या कादंबऱ्यांचा परिचय करून देण्यासाठी सिद्ध केले आहे, त्या कादंबऱ्यांकडे मी प्रथम केवळ करमणुकीच्या हेतूने गेलो आणि पुढे आयुष्यभर या प्रसंगाच्या ओढीने जात राहिलो. कूटप्रधान रहस्यकादंबरी असे त्यांना मी म्हणतो. गुन्हा घडतो, संशयितांचे एक मर्यादित वर्तुळ आखले जाते, पुराव्याचा प्रत्येक तुकडा वाचकाच्या दृष्टीसमोरून जातो, आणि अखेरच्या प्रकरणात एक मनुष्य उठून त्याच तुकड्यांची, एकही नवा न घेता, अशी काही मांडणी करतो की आपण पाहिलेले सारे आपण पाहिलेच नव्हते असे कळून येते. पाठलाग, मारामारी, वेषांतर, भुयारे यांना या वाङ्मयप्रकारात मज्जाव नाही. मात्र त्यांच्यावाचून त्याचे अडत नाही. अडते ते एकाच गोष्टीवाचून, आणि ती म्हणजे लेखकाची सचोटी.

या प्रकाराची वंशावळ सांगताना 1841 साली प्रसिद्ध झालेल्या एडगर अ‍ॅलन पो याच्या पॅरिसमधील खुनांच्या कथेपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु आपल्याकडील वाचकाला 1868 सालची विल्की कॉलिन्सची ‘मूनस्टोन’ अधिक जवळची वाटावी, कारण तिच्यातील हिरा 1799 साली टिपूच्या श्रीरंगपट्टणाचा पाडाव झाला त्या लुटीतून विलायतेत पोहोचलेला आहे, आणि ज्यांच्या देवाचा तो हिरा, ते लोक त्याच्या मागावर आहेत. शेरलॉक होम्स 1887 साली अवतरला. तथापि होम्सच्या कथांत वाचक हा बहुधा वॉटसनच्या शेजारी बसलेला एक विस्मित श्रोता असतो. होम्सने भिंगाखाली काय पाहिले ते त्याला मागाहून कळते. वाचकाला श्रोत्याच्या आसनावरून उठवून तपासणी अंमलदाराच्या खुर्चीवर बसविण्याचे कार्य पहिल्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत झाले. अगाथा ख्रिस्ती यांची पहिली कादंबरी 1920 साली प्रसिद्ध झाली. युद्धकाळात टॉर्की येथील इस्पितळाच्या औषधशाळेत काम करीत असता विषांचे जे ज्ञान त्यांनी संपादन केले, ते त्या पहिल्याच पुस्तकात इतक्या काटेकोरपणे उतरले आहे की औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकानेही त्याची वाखाणणी केली. 1929 साली रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मोपदेशकाने, तेही एका कथासंग्रहाच्या प्रस्तावनेतच, या खेळाचे दहा नियम घालून दिले: गुन्हेगाराचा उल्लेख आरंभीच्या भागात आलेला असला पाहिजे, दैवी अथवा अतिमानुष शक्तीचा आश्रय घेता कामा नये, गुप्त खोली वा भुयार एकाहून अधिक नसावे, आणि तपास करणाऱ्याला जे सापडले ते त्याने तत्काळ वाचकाच्या हवाली करावे. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन झाला. चेस्टरटन हे त्याचे पहिले अध्यक्ष होते, आणि सभासदाला प्रवेशाच्या वेळी या सचोटीची रीतसर शपथ घ्यावी लागे.

नियमांची ही यादी वाचून एखाद्यास हा सारा पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. मला तो तसा वाटत नाही, कारण लेखकाने आपल्या अंगी असलेले सर्व कपटकौशल्य वापरावे आणि तरीही एक अक्षर खोटे बोलू नये, असा दुहेरी करार इतर कोणत्याही वाङ्मयप्रकाराने स्वतःवर लादून घेतलेला माझ्या पाहण्यात नाही. त्या कराराचे आविष्कारही मोठे मनोहर आहेत. अमेरिकेतील एलरी क्वीन या जोडनावाने लिहिणाऱ्या दोघा मावसभावांनी, 1929 सालच्या आपल्या पहिल्या कादंबरीपासून, उलगड्यापूर्वी कथा थांबवून वाचकाला जाहीर आव्हान देण्याची प्रथा पाडली: आता सर्व पुरावा तुमच्या हाती आहे, उत्तर काढा. हार्पर या प्रकाशनसंस्थेने त्याच सुमारास काही कादंबऱ्यांची शेवटची पाने कागदी पट्टीने मोहोरबंद करून विक्रीस काढली. मोहोर न फोडता पुस्तक परत आणील त्याला पैसे परत. जॉन डिक्सन कार याची 1930 सालची पहिली कादंबरी अशीच मोहोरबंद निघाली होती. याच कारने 1935 साली ‘हॉलो मॅन’मध्ये कथा मध्येच थांबवून, आतून बंद असलेल्या खोलीत खून कोणकोणत्या मार्गांनी होऊ शकतो यावर आपल्या नायकाच्या तोंडून एक संपूर्ण व्याख्यान दिले आहे, आणि ते देऊनही वाचकाला चकविले आहे. फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स हा पेशाने रेल्वेतील अभियंता; त्याच्या पुस्तकांत आगगाडीचे वेळापत्रक हाच मुख्य साक्षीदार. नागपूरसारख्या, चारी दिशांच्या गाड्या जेथे एकमेकींना छेदतात अशा जंक्शनावर ज्याने रात्री काढल्या आहेत, त्याला क्रॉफ्ट्सची गोडी कोणी वेगळी शिकवावी लागत नाही.

आता मी एका अशा प्रकरणाकडे वळतो, जे कोणत्याही कादंबरीत नाही, परंतु ज्याच्यावाचून ही प्रस्तावना लिहिण्याचे मला धाडस झाले नसते. नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी असताना, 1946 साली, सिवनी येथील मद्यार्काच्या भट्टीच्या मक्त्यासाठी मोहोरबंद निविदा मागविण्यात आल्या. पुढे फिर्यादी पक्षाने असा आरोप ठेवला की अबकारी खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने त्या निविदा वेळेपूर्वीच उघडून त्यांतील दर एका मक्तेदाराला कळू दिले, त्याने आपली निविदा बदलून कमी दराची दुसरी घातली, आणि हे झाकण्यासाठी मागील तारखेचे एक पत्र तयार करण्यात आले. त्या पत्रावर नोव्हेंबर महिन्याची तारीख होती. फिर्यादी पक्षाचे म्हणणे असे की ज्या टंकयंत्रावर ते छापले गेले ते यंत्र डिसेंबरच्या अखेरीपर्यंत नागपुरात आलेलेच नव्हते! मोहोरबंद लखोटे, बदललेला कागद, आणि यंत्र गावात येण्यापूर्वीच त्यावर उमटलेले पत्र. एखाद्या निष्णात कादंबरीकाराने योजावे असे हे साहित्य आहे. खालच्या न्यायालयांनी दोघाही आरोपींना दोषी धरले. 1952 साली सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांच्या निकालपत्रान्वये, दोघांनाही निर्दोष मुक्त केले.

हनुमंत विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या नावाने ओळखला जाणारा हा निकाल परिस्थितिजन्य पुराव्याच्या प्रत्येक खटल्यात आजही आधारास घेतला जातो. पुराव्याची साखळी इतकी पूर्ण हवी की आरोपीच्या निर्दोषत्वाशी सुसंगत असा कोणताही वाजवी अर्थ शिल्लक राहू नये, हे त्यातील तत्त्व सर्वश्रुत आहे. परंतु माझे मन अधिक रेंगाळते ते त्यात ज्याचा आधार घेतला आहे त्या, 1838 सालच्या एका इंग्रजी खटल्यात बॅरन आल्डरसन यांनी पंचांना दिलेल्या इशाऱ्यापाशी. त्याचा आशय असा की सुट्या घटना एकमेकींशी जुळवून घेण्यात मनुष्याच्या मनाला एक प्रकारचे सुख वाटते. त्या सुखापायी मन घटनांना थोडेसे ताणून एका अखंड आकृतीत बसविते. आणि मन जितके चतुर, तितका हा धोका अधिक. गोदामातील त्या संध्याकाळी आम्ही चौघांनी नेमके हेच केले होते. आणि माझी अशी धारणा आहे की चांगली कूटकादंबरी वाचकाला प्रथम हे सुख भरभरून देते, मग त्याच सुखाचा दगा त्याला दाखवून देते, व हे दोन्ही अनुभव कोणाही जिवंत माणसाला कलंक न लावता देते.

मराठी वाचकाला रहस्यकथेचे वेड नव्याने लावावयास नको. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांचा झुंजार आणि त्यांचा काळापहाड यांच्यासाठी फिरत्या वाचनालयांतून आगाऊ नावे नोंदविली जात असत, आणि अक्षरओळख झालेल्या परंतु वाचनाची सवय नसलेल्या एका मोठ्या समाजाला पुस्तक हातात धरावयास त्यांनी शिकविले, ही गोष्ट आपल्या वाङ्मयाच्या इतिहासकारांनी पुरेशा कृतज्ञतेने नोंदविलेली नाही. काशीकरांचा धनंजय व त्याचा छोटू, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास, हे सारे त्याच कुळातील पुढचे पुरुष. वाडीच्या गोदामांत रात्रपाळीला जागणाऱ्या कित्येकांच्या उशाशी ही पुस्तके मी पाहिली आहेत. पान उलटताना बोटाचा तेलकट ठसा उमटलेला, मुखपृष्ठ केव्हाच गळालेले. परंतु या पुस्तकांचा प्राण साहसात आहे. नायक संकटातून कसा सुटतो हा तेथील प्रश्न. वाचकाने नायकाच्या आधी उत्तर काढावे अशी तेथे अपेक्षा नाही. शिरवळकरांच्या बॅरिस्टरच्या न्यायालयीन कथा कोड्याच्या बऱ्याच जवळ येतात, आणि बंगालमधील शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा व्योमकेश व सत्यजित राय यांचा फेलूदा हे अनुवादांतून आणि दूरदर्शनवरून आपल्या घरी आले तेव्हा त्यांचे आपण प्रेमाने स्वागत केले. तरीही निखळ कोड्याची सलग परंपरा मराठीत रुजली नाही. जपानात ती रुजली. तेथे योकोमिझो सेइशी यांनी दुसऱ्या महायुद्धाचा धुरळा खाली बसतो न बसतो तोच, 1946 साली, कागदी दारांच्या पारंपरिक घरात बंद खोलीचे कोडे मांडले, आणि 1987 साली अयात्सुजी युकितो यांच्या कादंबरीपासून तरुण लेखकांची एक नवी पिढीच या जुन्या नियमांकडे हौसेने परतली. सरकते दार आणि हिमाच्छादित अंगण यांतून जे साधते ते ओसरी, माजघर आणि कडीकोयंडा यांतून का साधू नये, हा प्रश्न मी आपल्या तरुण लेखकांपुढे कळकळीने ठेवतो.

माझ्या स्वतःच्या दीक्षेची हकीकत येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. 1979 सालच्या मे महिन्यात, सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या एका ढिगातून, ख्रिस्तीबाईंची ‘पेरिल अ‍ॅट एंड हाउस’ ही 1932 सालची कादंबरी मी तीन रुपयांस विकत घेतली. समुद्रकाठच्या कड्यावर एक जुने, गहाण पडलेले घर. त्या घराची मालकीण असलेली तरुण मुलगी. पलंगावर कोसळलेली जड तसबीर, कड्यावरून घरंगळलेली शिळा, निकामी झालेले मोटारीचे ब्रेक यांतून ती थोडक्यात वाचलेली. आणि तिच्या टोपीला पडलेले एक छिद्र, ज्याचा अर्थ प्वारो या बेल्जियन गुप्तहेराला एका दृष्टिक्षेपात कळतो. नागपूरच्या मे महिन्यातील दुपार, कूलरच्या वाळ्याचा ओला वास, बाहेर रस्त्यावर डांबर वितळलेले. मी दोन दिवसांत पुस्तकाच्या अखेरीस आलो, आणि पाहतो तो शेवटची पंधरा-वीस पाने नाहीत. शिवणीपाशी फाटल्याच्या खुणा तेवढ्या होत्या.

दुसरी प्रत मिळण्याची तूर्त आशा नव्हती. मग मी गोदामातील एक कोरी वही घरी आणली आणि रोजमेळाप्रमाणे तिची पाने आखली: एका बाजूस घटना, प्रकरण व पान यांच्या दाखल्यासह, दुसऱ्या बाजूस त्या घटनेचा माझ्या उत्तराप्रमाणे होणारा खुलासा. प्वारोनेही या कादंबरीत संशयितांची अक्षरवार यादी केलेली आहे, तिच्यावरून मला हे सुचले. तीन आठवडे रोज रात्री मी पुस्तक मागून पुढे आणि पुढून मागे वाचीत होतो. अखेर माझे उत्तर निघाले, आणि ते मला अत्यंत देखणे वाटले. सत्तावन्न नोंदींपैकी पंचावन्न नोंदींचा खुलासा झाला होता. दोन शिल्लक राहिल्या होत्या. त्या क्षुल्लक आहेत, लेखिकेने सहज जाता जाता केलेले ते उल्लेख आहेत, असे मी ठरविले आणि वहीच्या तळाशी निकालाची रेघ ओढली. पावसाळ्यात एका स्नेह्याकडून पूर्ण प्रत मिळाली. माझे उत्तर चुकले होते, आणि खऱ्या उत्तराचे सारे वजन त्या दोन नोंदींवरच उभे होते. त्या नोंदी कोणत्या हे मी येथे सांगणार नाही. पुढील पानांतही कोठे सांगितलेले नाही.

तेव्हापासून एक सवय जडली आणि तीच या पुस्तकाच्या वाचकाला मी सुचवू इच्छितो. उलगड्याच्या प्रकरणापूर्वी थांबावे, निदान एक रात्र मध्ये जाऊ द्यावी, आणि आपल्या उत्तरात न बसलेल्या गोष्टींची एक चिठ्ठी करावी. उत्तराची न केली तरी चालेल. मग शेवट वाचावा, आणि लगेच पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ करावा. एकदा रहस्य कळल्यावर अशा पुस्तकात काय उरते, असे पुष्कळदा विचारले जाते. दुसऱ्या वाचनात लेखकाच्या कारागिरीचे दर्शन होते: कोणते वाक्य त्याने दोन अर्थांच्या उंबऱ्यावर उभे केले, कोणता पुरावा हास्यविनोदाच्या आड ठेवला, खोटे न बोलता आपली नजर कशी वळविली. 1926 सालच्या ‘मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’च्या शेवटावर अन्यायाचा आरोप झाला होता, ती दुसऱ्यांदा वाचून पाहावी, आणि लेखिकेने करार मोडला की पाळला याचा निकाल ज्याचा त्याने द्यावा. माझा निकाल तिच्या बाजूने आहे.

या प्रकारावरील आक्षेप मला मान्य नाहीत असे नाही. रेमंड चँडलर याने 1944 साली आणि एडमंड विल्सन या समीक्षकाने 1945 साली, ही माणसे पुठ्ठ्याची आहेत आणि हे खून दिवाणखान्यातले आहेत, असा जो हल्ला केला त्यात तथ्यांश आहे. त्याहून गंभीर गोष्ट अशी की या पुस्तकांत नोकरचाकरांना, ज्यूंना आणि परदेशीयांना जी वागणूक मिळते ती कित्येक ठिकाणी संताप आणणारी आहे. ख्रिस्तीबाईंच्या 1939 सालच्या सुप्रसिद्ध कादंबरीचे मूळ इंग्रजी नाव तर इतके अपमानास्पद होते की ते टाकून द्यावे लागले. ज्यांचे पूर्वज ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते अशा आपण हे डोळ्यांआड करू नये. उलट, पुराव्याइतक्याच बारकाईने तेही वाचावे. घरातील मोलकरणीची जबानी कोणी मनावर घेत नाही, ही त्या समाजाची खोड ख्रिस्तीबाईंनी अनेकदा कोड्याची किल्ली म्हणून वापरली आहे, हे ध्यानात आल्यावाचून राहणार नाही.

आजच्या तपासाची पद्धत पार बदलली आहे, तेव्हा या पुस्तकांतील तर्क कालबाह्य झाला, असेही म्हटले जाते. जुलै 2024 पासून अमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची आणि झडतीचे चित्रीकरण करण्याची तरतूद आहे; भ्रमणध्वनी माणसाच्या हालचालींची डायरी लिहितो; आमच्या गोदामांतही ई-वे बिल आले आणि मोटार कोठे आहे हे पडद्यावर दिसू लागले. परंतु बिल्टीवरचे वजन तेव्हाही आमच्या डोळ्यांसमोरच होते. नोंदी वाढल्या म्हणून नोंदीचा अर्थ लावण्याचे काम कमी झाले, असे मला गेल्या पन्नास वर्षांत एकदाही आढळले नाही. आणि आज प्रत्येकाच्या खिशात येऊन पडणाऱ्या अर्धवट चित्रफितींवरून क्षणार्धात कोणाला तरी गुन्हेगार ठरविले जाते ते पाहताना, तो लवकर घरी गेलेला हमाल मला वारंवार आठवतो.

माझ्या नातीने गेल्या उन्हाळ्यात कपाटातील ती फाटकी प्रत काढली. तिची शेवटची पाने नाहीत हे मी तिला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “माहीत आहे, आजोबा. आईनं सांगितलं. म्हणूनच तर घेतली.” मी दुसऱ्या प्रतीतील त्या पानांची छायाप्रत काढून एका खाकी लखोट्यात घातली, लखोट्याला लाख लावली आणि तो पुस्तकाच्या मागील पुठ्ठ्याला चिकटवून दिला. माझी जुनी वही तिने मागितली नाही. बाजारातून स्वतःची नवी आणली. परवा ती येऊन गेली तेव्हा वही निम्मी भरलेली होती, शिल्लक राहिलेल्या नोंदी सात होत्या, आणि लखोट्यावरची लाख जशीच्या तशी होती.